वडीलधाऱ्यांच्या शेजारी

सायंकाळची जपमाळ आटोपल्यापासून ताट पुढे येईपर्यंतचा जो वेळ, तो आमच्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत आता दूरचित्रवाणीवरील मालिकांचा झाला आहे. दिवसभर वाडीत राबलेल्या माउलीने अर्धा तास परक्या घरची सुखदुःखे पाहिली, तर त्यात आम्हांस फारसे वावगे दिसत नाही. परंतु आता गोष्ट केवळ पाहण्यापुरती राहिलेली नाही. नायगावपासून घोडबंदरच्या रस्त्यापर्यंत मालिकांचे सेट उभे राहिले आहेत, आणि आमच्याच घरांतील मुलामुलींना तेथे लहानमोठी कामे मिळू लागली आहेत. मध्यंतरी एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या धाकट्या मुलाला एका मालिकेत नातवाचे काम मिळत होते. घरात आजीला आनंद, आईला अभिमान, आणि ह्यांना मात्र रात्रीची झोप नाही. "फादर, जाऊ द्यावे की नाही, तेवढे सांगा," ते म्हणाले.

पैसा किती, घरी परतण्याची वेळ कोणती, करार कोणी वाचला, हे सर्व आम्ही त्यांना विचारलेच. ते विचारणे आवश्यकच होते. पण सर्वांत आधी आम्ही विचारले, "त्या मालिकेत आजोबांचे काम कोण करणार आहे?" ते गृहस्थ गोंधळले. त्यांना वाटले, फादरांना मालिकेचे कथानक ऐकण्याची हौस आली. आमच्या त्या प्रश्नाचे उत्तर एक-दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून आज ते येथे लिहीत आहोत.

प्रथम मालिका हा प्रकार समजून घेतला पाहिजे. सुमारे १९३० साली अमेरिकेत नभोवाणीवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी कौटुंबिक कथा क्रमशः ऐकवण्याची प्रथा पडली. त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार करीत, कारण साबण विकत घेणारी गृहिणीच. त्यावरून अशा कथांना 'सोप ऑपेरा' म्हणजे 'साबणाचे संगीत नाटक' असे काहीसे थट्टेचे नाव पडले व ते आजतागायत टिकले. आपल्या देशात ह्या जातीची पहिली मालिका 'हम लोग'. ती ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि सुमारे दीड वर्ष चालली. लेखन मनोहर श्याम जोशी ह्यांचे. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. आमच्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांना ते अजून आठवतात. त्या मालिकेतील आजी म्हणजे सुषमा सेठ. रंगभूमीवर मुरलेली ही स्त्री. आणि तिच्या नातीचे, मझलीचे, काम करणारी नवखी दिव्या सेठ ही तिची पोटची मुलगी! घरची माय पडद्यावर आजी झाली होती. असे भाग्य सर्वांना लाभत नाही; इतरांना आपले आजी-आजोबा सेटवर शोधावे लागतात.

'हम लोग'च्या काळी काम निवांत चाले. आज मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस चालते. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून सुमारे २२ मिनिटांची कथा भरावी लागते, आणि ती रोज. दाखवायचे भाग आधीच चित्रित करून शिलकीत ठेवावे लागतात. त्या शिलकीला सेटवरची मंडळी 'बँक' म्हणतात, आणि ती बँक नेहमी रिकामी होत आलेली असते. त्यामुळे संवादांचे कागद पुष्कळदा त्याच सकाळी हाती पडतात. बारा-बारा तासांची पाळी, एका दिवसात अनेक प्रसंग. मराठी नाटकात नवख्या नटाला पूर्वी महिना-महिना तालीम मिळे; दिग्दर्शक रागावे, जुना नट चूक दाखवी, प्रॉम्प्टर विंगेतून सांभाळून घेई. मालिकेत ती तालीमच उरली नाही. दिग्दर्शकाला सूर्य मावळण्यापूर्वी इतकी पाने संपवायची असतात. शिकवण्यास त्याला सवड कोठली? अशा ठिकाणी वीस वर्षांच्या मुलाला कला शिकवू शकेल असे एकच विद्यालय शिल्लक राहते. त्याच्या शेजारी बसलेली वयस्क नटमंडळी, हेच ते विद्यालय.

ही गोष्ट आम्हांस प्रथम उमगली ती भोपाळमध्ये. सेमिनरीच्या दिवसांत आमचे काही महिने मध्य प्रदेशात गेले. भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठी, टेकडीच्या उतारावर 'भारत भवन' आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याची रचना चार्ल्स कोरिया ह्या मूळच्या गोमंतकीय घराण्यातील वास्तुशिल्पकाराची, आणि आपल्या कोकणपट्टीचा हा माणूस म्हणून आम्हांस तेथे उगीचच मालकी हक्क वाटे! वरून पाहिले तर इमारत दिसतच नाही. दिसतात त्या उतरत गेलेल्या गच्च्या, अंगणे, पायऱ्या, आणि खाली पाणी. तेथेच आम्ही हबीब तन्वीर ह्यांच्या 'नया थिएटर'चे काम पाहिले.

तन्वीरसाहेबांची कथा आमच्या वाचकांना ठाऊक नसेल. १९२३ साली रायपूरला त्यांचा जन्म झाला. लंडनला जाऊन त्यांनी नाट्यशिक्षण घेतले, युरोप पाहिला, आणि १९५८ च्या सुमारास परत येताच छत्तीसगढच्या 'नाचा' ह्या लोकनाट्यातील सहा नटांना ते दिल्लीस घेऊन गेले. ही माणसे खेड्यातली. रात्र रात्र मोकळ्या आवारात खेळ करणारी. विलायती शिक्षणाच्या जोरावर तन्वीरसाहेब त्यांना शिकवू लागले: येथे उभे राहा, ह्या शब्दावर तिकडे वळा, शुद्ध हिंदी बोला. आणि गावात हजारो माणसांना खिळवून ठेवणारे ते नट रंगमंचावर लाकडासारखे होऊ लागले. पुष्कळ वर्षांनी, १९७० च्या आगेमागे, तन्वीरसाहेबांच्या ध्यानी आले की येथे विद्यार्थी आपणच आहोत. त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगढी बोली परत दिली, रांगोळीसारख्या आखलेल्या हालचाली पुसून टाकल्या. त्यानंतरचे 'चरणदास चोर' हे नाटक १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात पारितोषिक मिळवून आले. पुढे भोपाळ हेच त्यांचे घर झाले, आणि तेथेच जून २००९ मध्ये त्यांचा अंत झाला.

त्या नाटकावर श्याम बेनेगल ह्यांनी १९७५ साली मुलांसाठी चित्रपट केला. छत्तीसगढ त्या वेळी मध्य प्रदेशातच होते व भोपाळ त्याची राजधानी. चित्रपटात चोर झाले होते लालूराम हे नाचातील जुने नट, आणि राजकन्येच्या कामासाठी घेतली होती मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी एकोणीस-वीस वर्षांची एक मराठी मुलगी. ती स्मिता पाटील. तिचा हा अगदी आरंभीचा चित्रपट. बातम्या वाचताना माणूस कॅमेऱ्याकडे पाहून एकटा बोलतो. समोर कोणी नसते. येथे तिच्यासमोर ज्यांची सारी हयात गावच्या चौकात समोरच्याचे ऐकून उत्तर देण्यात गेली, अशी माणसे उभी होती. नाट्यविद्यालयाची पायरीही न चढलेली ही मुलगी पुढे काय झाली, ते महाराष्ट्राला सांगावयास नको.

भोपाळचीच आणखी एक मुलगी. सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, पत्रकार तरुणकुमार भादुरी ह्यांची कन्या जया. पंधराएक वर्षांच्या वयात ती सत्यजित राय ह्यांच्या 'महानगर' ह्या १९६३ च्या चित्रपटात धाकट्या नणंदेच्या कामास उभी राहिली. समोर अनिल चटर्जी, माधवी मुखर्जी. काम लहानसे. पण त्या सहवासाने मनात असा अंकुर धरला की शाळेनंतर तिने पुण्याच्या चित्रपट संस्थेची वाट धरली, व १९७१ मध्ये 'गुड्डी' आला. संस्थेत जे शिकली त्याचे मोल आहेच; शिकण्याची तहान मात्र आधी लागली, ती मोठ्यांच्या शेजारी उभे राहून.

हे सारे नामवंतांचे झाले. आता आम्ही स्वतः पाहिलेले सांगतो, आणि त्यातील माणसांची नावे मुद्दामच सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी एका सभेसाठी पुन्हा भोपाळला जाणे झाले. अलीकडे तेथे मालिकांचे चित्रीकरणही होऊ लागले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेली 'एक दूजे के वास्ते'ची दुसरी मालिका भोपाळचीच कथा सांगणारी होती व ती त्या शहरातच चित्रित होत होती. आम्ही पाहिलेली मालिका दुसरी. तीत शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील विवाहाचा प्रसंग होता, आणि विधी नीट व्हावा म्हणून तेथील एका धर्मगुरूंना सल्ल्यासाठी बोलावले होते. त्यांच्यासोबत आम्हीही गेलो. जुना बंगला, दारात जाडजूड तारांचे वेटोळे, अंगणात चहाची किटली. आमचा विवाहाचा प्रसंग दुपारनंतर होता, त्यामुळे सकाळभर आम्ही कोपऱ्यातील खुर्चीवर बसून दुसराच प्रसंग पाहिला.

नातू आजोबांना सांगतो की आपण नोकरी सोडली, एवढाच प्रसंग. नातवाचे काम करणारा मुलगा भोपाळचाच, वर्षभरापूर्वीपर्यंत हौशी नाटकांतून फिरणारा. मालिका सुरू होऊन तीन महिने झाले नव्हते, पण फाटकाबाहेर त्याच्यासाठी शाळकरी मुलींचा घोळका उभा होता. आजोबा झालेले गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्यासाठी फाटकाबाहेर कोणी उभे नव्हते.

प्रथम दोघांना एकत्र घेऊन प्रसंग झाला. मग आजोबांचा चेहरा जवळून घेतला. नातवाने कॅमेऱ्याशेजारी बसून आपली वाक्ये म्हटली, तीही मोबाईलवर एक डोळा ठेवून. मग दिव्यांची मांडामांड उलटी झाली. आता मुलाचा चेहरा घ्यायचा होता. आजोबांचे काम संपले होते. त्यांची खुर्ची सावलीत मांडलेली, चहा ओतलेला. अशा वेळी जुने नट निघून जातात व साहाय्यक दिग्दर्शक हातात कागद घेऊन त्यांची वाक्ये वाचतो; ह्याला 'क्यू देणे' म्हणतात. साहाय्यकाने कागद हाती घेतलाही होता. म्हाताऱ्याने तो त्याच्या हातून हळूच काढून घेतला, एक बुटके स्टूल ओढले, आणि कॅमेऱ्याला अगदी चिकटून, गुडघे दुखत असतानाही, खाली बसले.

मुलाने आपली वाक्ये घडाघडा म्हटली. उच्चार स्पष्ट, पाठ चोख. दिग्दर्शकाला ते चालण्यासारखे होते. म्हाताऱ्याने "एक बार और" म्हटले, जणू आपलीच चूक झाली. दुसऱ्या खेपेस त्यांनी एक गोष्ट केली. आपला आवाज त्यांनी खाली नेला, इतका की दोन हातांवरच्या मुलालाही तो नीट ऐकू येईना. मुलगा नकळत पुढे झुकला. त्याच्या कपाळावर आठी पडली, मान कलली, आणि आपल्या वाक्याची वाट पाहणारा तो पोरगा क्षणभर खरोखर ऐकू लागला. ऐकता ऐकता त्याचे वाक्य एका श्वासाने उशिरा आले. तेवढ्या एका श्वासात त्या प्रसंगाचा सारा प्राण होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते. आणि ते पाणी कोणताही कॅमेरा टिपणार नव्हता.

"कट" झाल्यावर आम्हांस वाटले, आता ते त्याला काही समजावतील. ते स्टुलावरून कष्टाने उठले व म्हणाले, "खाना खाया?" मुलाने नकारार्थी मान हलवली. दोघे डबा सोडून बसले. मुलाचा मोबाईल खिशातच राहिला.

जेवणानंतर आम्ही त्या मुलाशी बोललो. आजोबा काय शिकवतात, असे विचारले. तो थोडा विचारात पडला. म्हणाला, "फादर, वे सिखाते कुछ नहीं. बस, जाते नहीं." ते शिकवत काही नाहीत, निघून मात्र जात नाहीत.

अर्थात सर्वच ज्येष्ठ असे असतात, अशा भ्रमात आम्ही नाही. पिकलेल्या केसांखाली कोवळा मत्सरही असतो. नवख्याच्या वाक्यावर मुद्दाम खोकणारे, त्याचा प्रकाश अडवून उभे राहणारे, आपल्या काळच्या मोठेपणाच्या कथांनी त्याचे डोके उठवणारे नटही असतात. काहीजण फक्त क्लृप्त्या शिकवतात: रडताना कोणती बाजू दाखवावी, वाक्य विसरल्यास कसे वळावे. क्लृप्त्या उपयोगी असतात, पण त्यावर हयात निघत नाही. म्हणूनच आम्ही त्या गृहस्थांना आजोबांचे काम कोण करणार, असे विचारले होते. नायक कोण, वाहिनी कोणती, ह्यापेक्षा ते महत्त्वाचे. आमच्या वाड्यांत पानवेल लावताना नवखा गडी कोणाच्या शेजारच्या ओळीत उभा करावा, हे मालक नीट पाहत असे, तसेच हे.

आणि ही वडीलधारी मंडळी सेटवरून नाहीशी झाली तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. महामारीमुळे मार्च २०२० मध्ये सर्व चित्रीकरणे थांबली. मे महिन्याच्या अखेरीस शासनाने अटी घालून परवानगी दिली; त्यांतील एक अट अशी की ६५ वर्षांवरील कोणाही कलावंताने वा कामगाराने सेटवर येऊ नये. हेतू रक्षणाचा होता, ह्यात शंका नाही. पण काही मालिकांतील आजी-आजोबा एकाएकी गावी गेले, काही केवळ दूरध्वनीवरून बोलू लागले. घरात सुना, मुलगे, नातवंडे. आणि कोपऱ्यातील आरामखुर्ची रिकामी. ज्यांचे पोट रोजच्या कामावर, त्या वृद्ध नटांची अवस्था काय झाली असेल, त्याची कल्पना करावी. अखेर प्रमोद पांडे ह्या सत्तर वर्षांच्या अभिनेत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. लहान भूमिका करून पोट भरणारा हा माणूस. फार मोठे नाव नव्हे. ६५ वर्षांवरील दुकानदार दुकान उघडू शकतो, मग नटालाच मज्जाव का, हा प्रश्न तेथे उभा राहिला, आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट रद्द केली.

त्या वर्षी आमच्या घराघरांत 'अग्गंबाई सासूबाई' पाहिली जात होती. तीतील करारी आजोबा म्हणजे रवी पटवर्धन. त्या वेळी वय ८३. रत्नाकर मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये त्यांनी तरुणपणी धृतराष्ट्र रंगवला होता, आणि चाळीसहून अधिक वर्षांनी ते नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा तोच धृतराष्ट्र पुन्हा त्यांनीच केला. अशा माणसाच्या समोर रोज बसून वाक्य म्हणणे, ही नव्या मुलांना मिळालेली केवढी मोठी शिष्यवृत्ती! डिसेंबर २०२० मध्ये ते गेले.

आमच्या धर्मग्रामात उपवासकाळात होणाऱ्या दुःखसहनाच्या नाटकाविषयी जाता जाता लिहितो, कारण तेथेही हेच घडू लागले आहे. गेली दोन वर्षे तरुण मंडळींनी ध्वनिमुद्रित संवादांवर ओठ हलवण्याची नवी पद्धत सुरू केली आहे. आवाज गर्दीतही स्वच्छ पोहोचतो, हे खरे. पण पिलातचे, कैफाचे, पेत्राचे काम वर्षानुवर्षे केलेली जी पाच-सहा मंडळी आता सत्तरी ओलांडून ओट्यावर बसली आहेत, त्यांची त्यामुळे कोणाला गरजच उरली नाही. ध्वनिमुद्रण यंदा बाजूला ठेवावे, असे आम्ही तरुणांच्या समितीला सांगितले आहे. तालमी येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या दिवाणखान्यात सुरू होतील. त्या पाच-सहा जणांना आणण्या-नेण्यासाठी रिक्षाची व्यवस्था केली आहे, आणि त्यांच्यासाठी खुर्च्या भिंतीकडे न मांडता मुलांच्या समोरच मांडल्या जातील.